वडिलांचा रिपोर्ट ‘उत्तम’ आहे, मग पहाटे चार वाजता साखर ४६ कशी?

जुईचा_वेल

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत आणि आईसह मिरजेला राहतात. मी ठाण्यात असते. त्यांना मधुमेह होऊन बावीस वर्षे झाली. पथ्य, फिरणे आणि गोळ्यांच्या वेळा यांबाबत ते इतके काटेकोर आहेत की आमच्या नात्यात त्यांचे उदाहरण दिले जाते. गेल्या तीन वर्षांत त्यांचे एचबीए१सी (रक्तातील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ च्या वर गेलेले नाही. मागच्या महिन्यात ते ६.२ आले, तेव्हा तो कागद त्यांनी शाळेच्या निकालपत्रासारखा घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवला.

गेल्या गुरुवारी पहाटे चारच्या सुमारास आईला जाग आली, तेव्हा वडील स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहून मिठाच्या बरणीचे झाकण पुन्हा पुन्हा काढत आणि लावत होते. आईने हाक मारली तर त्यांनी तिला आत्याच्या नावाने उत्तर दिले. आत्याला जाऊन पंधरा वर्षे झाली आहेत. बोलणे जड झाले होते आणि सदरा घामाने चिंब भिजला होता. आईला वाटले, अर्धांगाचा झटका आला. सुदैवाने शेजारच्यांकडे ग्लुकोमीटर होता. त्यावर ४६ आकडा आला. साखरेचे पाणी पाजल्यावर बऱ्याच वेळाने ते भानावर आले, आणि सकाळी त्यांना यातले काहीही आठवत नव्हते.

फॅमिली डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “रिपोर्ट उत्तम आहे, फक्त रात्री नीट जेवायला सांगा.” वडील तर गोळी कमी करण्याचा विषयही काढू देत नाहीत. हा एखाद्या वेळचा प्रसंग समजून सोडून द्यावा, की औषधांचाच फेरविचार करावा? ज्यांच्या घरी वृद्ध मधुमेही आहेत त्यांनी अनुभव सांगावेत.

रानवारा

सोडून देऊ नका. गोळ्यांची नावे, रात्रीचे जेवण, वजन आणि अलीकडचे क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) या चार गोष्टी सांगितल्यात तर येथील जाणकारांना काही बोलता येईल.

कडू_कारले

मी थोडे वेगळे मत मांडतो. माझ्या वडिलांनी “वय झाले, आता काय पथ्य करायचे” असे म्हणत साखर अडीचशे-तीनशेवर राहू दिली. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल गेले आणि शेवटची दोन वर्षे डायलिसिसवर गेली. त्यामुळे एका रात्रीच्या घटनेवरून बावीस वर्षांची शिस्त मोडायला निघालेली माणसे पाहिली की मला भीती वाटते. कमी झालेली साखर चमचाभर साखरेने वर येते, पण गेलेले मूत्रपिंड परत येत नाही.

निवृत्त_नाडीपरीक्षक

मी चाळीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला, आता निवृत्त आहे. हा सल्ला प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे आधी सांगतो.

कडू_कारले यांचे दुःख खरे आहे आणि त्यांचा मुद्दा चाळीस-पन्नास वर्षांच्या रुग्णाला तंतोतंत लागू पडतो. परंतु वाढलेल्या साखरेचे दुष्परिणाम व्हायला बहुधा काही वर्षे जावी लागतात, तर उतरलेली साखर त्याच रात्री माणसाला पाडू शकते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की ती कमी समजतात, आणि ५४ च्या खाली गेली की मेंदूला ग्लुकोज अपुरे पडू लागते. ४६ हा आकडा त्याच्याही खालचा आहे, आणि रुग्णाला सावरायला दुसऱ्या माणसाची मदत लागली म्हणजे तो प्रसंग आकडा कितीही असला तरी गंभीर गणला जातो.

तरुण माणसाची साखर उतरू लागली की आधी हात थरथरतात, छातीत धडधडते, घाम येतो, भूक खवळते. ही शरीराने वाजवलेली घंटा असते. वय वाढले, आजार जुना झाला आणि साखर वरचेवर उतरू लागली की ती घंटा मंद होत जाते, आणि पहिले लक्षण म्हणून थेट गोंधळ, अडखळते बोलणे, चिडचिड किंवा तोल जाणेच दिसते. घरचे त्याला पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा नुसता “म्हातारपणाचा हट्ट” समजतात. म्हणून वृद्ध मधुमेही अचानक विचित्र वागू लागला तर आधी बोटाला सुई टोचून साखर पाहावी, आणि ती ठीक असेल तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, कारण मग खरोखरच पक्षाघात असू शकतो.

आता ६.२ या आकड्याविषयी. तो आकडा वाईट नाही. तो कोणत्या औषधाने आला हे महत्त्वाचे आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर किंवा ग्लिप्टिन गटातील गोळीवर कोणाचे एचबीए१सी ६.२ असेल तर मी त्याचे अभिनंदन करीन. पण ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना या वयात ६.२ आले, तर मी अभिनंदनाऐवजी रात्रीची साखर विचारीन. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि रुग्ण जेवला आहे की नाही हे त्यांना कळत नाही.

सोनचाफा_७२

डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्याला पूरक माहिती देते. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. सरासरी तीन फूट खोल असलेल्या नदीतही माणूस बुडतो. तसेच रात्री ५० आणि दुपारी २४० असली तरी निकालपत्रावर ‘उत्तम’ असाच शेरा पडू शकतो. शिवाय लाल पेशींचे आयुष्य कमी झालेले असेल, जसे काही प्रकारच्या पंडुरोगात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात होते, तर हा आकडा खोटा कमी येतो.

अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांहून अधिक रुग्णांवर ‘अॅकॉर्ड’ नावाची मोठी चाचणी झाली होती. त्यात एका गटाचे एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला गेला. त्या गटात मृत्यू अधिक होत आहेत असे दिसल्यामुळे २००८ मध्ये तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. त्यामागचे नेमके कारण काय यावर वाद झाले, पण “जितकी कमी तितकी चांगली” हे सूत्र तेव्हापासून कोणी डोळे मिटून लावत नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही धडधाकट वृद्धांसाठी साधारण ७ ते ७.५ च्या खाली आणि अनेक व्याधी असलेल्यांसाठी ८ च्या खाली असे सैल लक्ष्य सुचवते.

पुरणपोळी_प्रेमी

आमच्या आजोबांची साखर दर संकष्टीला नेमकी मोदक पानात पडायच्या पाच मिनिटे आधी उतरत असे. आजीने ग्लुकोमीटर आणल्यापासून हा आजार समूळ बरा झाला.

निवृत्त_नाडीपरीक्षक

@पुरणपोळी_प्रेमी, असे आजोबा मी शेकड्याने पाहिले आहेत. मात्र त्यातले एखादे आजोबा एखाद्या दिवशी खरे बोलत असतात, म्हणून आजींचा ग्लुकोमीटर स्तुत्य आहे.

जुईचा_वेल

सर्वांचे आभार. आईकडून फोनवर माहिती घेतली, आणि खरे सांगायचे तर लाज वाटली, कारण यातले निम्मे मला ठाऊकच नव्हते.

गोळी एकच आहे, पण तीत तीन औषधे आहेत: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. ती सकाळी आणि रात्री घेतात. क्रिएटिनीन १.५ आहे, आणि रिपोर्टात त्याखाली ईजीएफआर ४७ असे छापले आहे. वजन दोन वर्षांपूर्वी ५८ किलो होते, ते आता ५२ झाले आहे. रात्रीच्या जेवणाचे कारण तर मला कधी सुचलेच नसते. सहा महिन्यांपासून त्यांची कवळी सैल झाली आहे. भाकरी चावत नाही, म्हणून ते रात्री वाटीभर मुगाची पातळ खिचडी खाऊन उठतात. दवाखान्याचा खर्च नको म्हणून त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. म्हणजे भाकरी सुटली, वजन उतरले, पण गोळी दोन भाकऱ्यांच्या हिशोबाचीच राहिली.

रानवारा

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कवळीत आहे. दंतवैद्यांकडे आधी जा.

औषधी_बाण

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. जुईताईंच्या पहिल्या निवेदनातले एक वाक्य मला खटकले होते: साखरेचे पाणी पाजल्यावर “बऱ्याच वेळाने” ते भानावर आले. त्याचा उलगडा आता झाला. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधे आतड्यात साखरेचे विघटन करणाऱ्या विकरांना अडवतात, आणि जेवणानंतर साखर एकदम वाढू नये म्हणूनच ती दिली जातात. परंतु आपल्या डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे झाल्याशिवाय ती रक्तात शिरत नाही, आणि नेमके तेच काम या गोळीने मंदावलेले असते. म्हणून या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उतरली तर औषधाच्या दुकानातली साधी ग्लुकोज पावडर द्यावी. साखर, गूळ, बिस्किट यांवर विसंबू नये. दुसरे काहीच हाताशी नसेल तर साखर द्यावीच, पण ग्लुकोज घरात असताना ती शोधण्यात वेळ घालवू नये.

तीन औषधे एका गोळीत असण्याची ही दुसरी अडचण आहे. खोक्यावर एकच व्यापारी नाव मोठे असते, त्यामुळे आपण नेमके काय घेतो हे रुग्णाला कळत नाही, आणि त्यातले एकच औषध कमी करायचे ठरले तरी ते कमी करता येत नाही.

कडू_कारले

व्होग्लिबोजची ही गोष्ट मला नवीन आहे. “चमचाभर साखरेने वर येते” हे माझे विधान मी मागे घेतो. बाकीचे मत मात्र कायम आहे: गोळी परस्पर बंद करू नये.

निवृत्त_नाडीपरीक्षक

त्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. परस्पर काहीही करू नये, पण भेटीसाठी पुढच्या महिन्याची वाटही पाहू नये. ईजीएफआर ४७ म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता बरीच घटली आहे. सल्फोनिलयुरिया गोळ्यांचे किंवा त्यांपासून बनणाऱ्या घटकांचे उत्सर्जन मूत्रपिंडावाटे होते, त्यामुळे तीच मात्रा आता शरीरात जास्त वेळ रेंगाळते. याच कारणामुळे वृद्धांमध्ये ग्लिबेनक्लामाइड तर टाळावेच असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात, आणि अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची ‘बिअर्स’ यादी २०२३ पासून या संपूर्ण गटालाच पहिली पसंती देऊ नये असे म्हणते.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने जाणून घ्यावी. या गोळ्यांमुळे उतरलेली साखर एकदा वर आली म्हणजे प्रसंग संपला असे नसते. ग्लुकोजचा परिणाम ओसरतो, गोळीचा ओसरत नाही, आणि काही तासांनी साखर पुन्हा खाली जाते. कधी कधी हा खेळ एक-दोन दिवस चालतो. अशा रुग्णाला दाखल करून देखरेखीखाली ठेवावे लागते. वडिलांना भानावर आल्यावर झोपू दिले गेले असेल, तर त्या रात्री ते थोडक्यात बचावले असे मी म्हणेन.

खारघरची_सून

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आमच्या घरची चूक सांगते. सासूबाईंना पेनने १६ युनिट घ्यायचे होते. एका सकाळी पेन बिघडले, म्हणून दिरांनी पेनमधल्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढून १६ च्या खुणेपर्यंत भरले. सिरिंज लाल टोपीची, म्हणजे आपल्याकडच्या ४० युनिटवाल्या बाटलीसाठी बनवलेली होती, आणि पेनच्या काडतुसात मात्र दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. त्या खुणेला १६ नव्हे, ४० युनिट गेले. चूक दहा मिनिटांत लक्षात आली म्हणून वाचलो. त्यांना खाऊ घालून रुग्णालयात नेले आणि रात्रभर दर तासाला साखर तपासली गेली. दीर अभियंता आहेत, हे केवळ नोंदीसाठी सांगते.

एडिसनचा_कट्टा

मी न्यू जर्सीला आहे, आई नाशिकला. तिच्या दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावला आहे, त्यामुळे साखर उतरली की माझ्या आणि भावाच्या फोनवर इशारा येतो. पहिल्या आठवड्यात रोज रात्री इशारा यायचा आणि आम्ही दोघे दोन खंडांतून आईला झोपेतून उठवायचो. बोटाची तपासणी केली की साखर १२० निघायची. नंतर कळले की ती त्याच कुशीवर झोपते, आणि सेन्सरवर भार पडला की तो खोटा कमी आकडा दाखवतो. सेन्सर दुसऱ्या दंडावर लावल्यापासून तिघांनाही झोप लागते.

खर्च मात्र परवडण्यासारखा नाही. दोन आठवड्यांचा एकच सेन्सर लावून रात्री काय होते ते पाहून घ्यावे आणि मग गोळ्या ठरवाव्यात, असे आमच्या डॉक्टरांचे म्हणणे होते.

चंद्रभागेतीरी

आमचे वडील माळकरी. त्यांनी साठ वर्षे एकादशी मोडली नाही. डॉक्टर म्हणाले, उपास सोडा; वडील म्हणाले, डॉक्टर सोडतो. शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी वाद मिटवला, त्यांनी उपासाला हातच लावला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “काका, एकादशीला अन्न सोडता, मग गोळी का नाही सोडत?” त्यांनी एकादशीसाठी वेगळी मात्रा लिहून दिली, दिवसभर पोट रिकामे न ठेवता दर तीन-चार तासांनी भगर, ताक, राजगिरा असे काहीतरी घ्यायला लावले, आणि आदल्या दिवशी फोन करण्याची अट घातली. साखर ७० च्या खाली गेली तर उपास तिथेच सोडायचा, हेही वडिलांनी त्यांच्यासमोर कबूल केले. पायी वारीच्या दिवसांतही असेच, कारण रोजच्या चालण्याने साखर आपोआप उतरते आणि घरच्या हिशोबाची गोळी तिथे जास्त होते.

मृण्मयी_लेखणी

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात तो घाम उकाड्याच्या खाती जमा झाला होता.

औषधी_बाण

योग्य मुद्दा आहे. त्यासोबत हेही लक्षात ठेवावे की लिव्होफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल यांसारखी प्रतिजैविके किंवा बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल सुरू झाले, तर सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांची साखर अनपेक्षितपणे उतरू शकते. लघवीच्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मधुमेहाच्या गोळ्यांचे खोके सोबत न्यावे.

सोनचाफा_७२

प्रत्यक्ष वेळ आली तर काय करावे, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवू या. रुग्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. ७० च्या वर गेली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. साखर वर आल्यानंतर पोळी, भात, दूध असे काहीतरी टिकणारे खायला द्यावे. सुरुवातीलाच पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात सावकाश शिरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

कडू_कारले

माझा प्रश्न अजून तसाच आहे. लक्ष्य सैल करायचे म्हणजे कुठपर्यंत? माझ्या वडिलांनीही “थोडी वाढू दे” असेच म्हणत सुरुवात केली होती.

निवृत्त_नाडीपरीक्षक

हा प्रश्न रास्त आहे. ८ म्हणजे ११ नव्हे. साखर सतत दोनशेच्या वर राहू लागली की वृद्धांना वारंवार लघवी होते, शरीरातले पाणी कमी होते, जंतुसंसर्ग होतो आणि रात्री उठताना ते पडतात. म्हणजे वरच्या टोकालाही पडणेच आहे. या वयाच्या अनेक रुग्णांना मी उपाशीपोटी साधारण ९० ते १५० च्या दरम्यान ठेवत असे. पाय रोज पाहणे, डोळ्यांची आणि मूत्रपिंडाची वार्षिक तपासणी हे सोडायचे नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत लक्ष्य सैल केले गेले नव्हते, लक्ष्यच सोडून दिले होते. या दोहोंत फरक आहे.

जुईचा_वेल

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. सांगलीच्या एका फिजिशियनना दाखवले. त्यांनी ती त्रिकुटी गोळी बंद केली, मेटफॉर्मिन कमी मात्रेत ठेवले आणि लिनाग्लिप्टिन सुरू केले, कारण त्याची मात्रा मूत्रपिंडामुळे बदलावी लागत नाही. दोन आठवडे सेन्सर लावला होता. पहिले दोन दिवस, म्हणजे जुनी गोळी अजून चालू असताना, पहाटे तीन ते पाच या वेळेत साखर दोन्ही रात्री ६० च्या खाली गेली होती. वडिलांना काहीच जाणवले नव्हते. आई म्हणाली, वर्षभर ते सकाळी डोके जड असल्याची तक्रार करीत होते आणि आम्ही उशी बदलत होतो.

आता उपाशीपोटी साखर १३० ते १४५ असते. नवी कवळी बसली आहे आणि रात्री एक भाकरी पोटात जाते. डॉक्टरांनी एचबीए१सी साडेसात चालेल असे सांगितले, तेव्हा पहिला नंबर गेल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी मग स्वतःच त्यांना विचारले, “पहाटे आपण कोणाशी बोलत होतात, ते आठवते का?” त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही.

ग्लुकोजचे दोन डबे आणले आहेत, एक उशाशी आणि एक ओट्यावर. नातवंडे सुट्टीत येऊन ते चाटून संपवतील, म्हणून वडिलांनी दोन्ही डब्यांवर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला आहे: “औषध आहे. खाऊ नये.”

निवृत्त_नाडीपरीक्षक

छान झाले. त्या कागदावर डबा उघडल्याची तारीखही लिहायला सांगा. पावसाळ्यात ग्लुकोजचा दगड होतो, आणि पहाटे चार वाजता तो फोडायला वेळ नसतो.

पुरणपोळी_प्रेमी

आणि आजीला सांगा, “खाऊ नये” हा मजकूर आजोबांनाही लागू आहे, असा त्यांचा गैरसमज होऊ देऊ नका.